मदत हवी आहे: पैसे पूर्ण भरले, हप्ता सुरू झाला, गाडीचा पत्ता नाही. भरपाई मिळते का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

नाशिकमधल्या एका डीलरकडे २८ ऑगस्टला सीएनजी गाडी बुक केली, २१ हजार भरून. सेल्समन म्हणाला, "काका, दसऱ्याची पूजा नव्या गाडीचीच." दसरा होता २ ऑक्टोबरला. मध्ये २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, किंमत उतरली, आम्ही खूश. शोरूममध्ये ही जत्रा! २५ तारखेला फोन आला, "गाडी अलॉट झालीय, पूर्ण पेमेंट करा म्हणजे पक्कं." जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली, तिचे २ लाख १० हजार धरले. बँकेने ७ लाख परस्पर डीलरला दिले, उरलेले ४९ हजार मी भरले. झाले ९ लाख ८० हजार.

आज २९ नोव्हेंबर. ५ तारखेला १४,५३१ चा पहिला हप्ताही गेला. कारणं दर आठवड्याला नवी: आधी जीएसटीची गर्दी, मग ट्रेलर अडकला, मग "पांढरा रंग चालत असेल तर लगेच देतो." मॅनेजर हळूच म्हणाला, ३५ हजारांचं अ‍ॅक्सेसरी पॅक घेतलंत तर नाव वर सरकवतो. सेल्समन आता मला काका म्हणत नाही, सर म्हणतो.

सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. घरात गाडीच नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीला रिक्षा किंवा कॅब.

बुकिंग रद्द करायचं नाहीये, गाडी हवीच आहे. पण या दोन महिन्यांचं काय? भरपाई डीलरकडे मागायची की कंपनीकडे? आणि किती?

रिकामा_तास

दसऱ्याचं कुठे लिहून दिलंय का? बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचा. "डिलिव्हरीची तारीख अंदाजे" आणि "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" ही दोन वाक्यं तिथे हमखास असतात.

गोदाकाठ

आहेत, दोन्ही आहेत. पण सेल्समनचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही आहे: "२ ऑक्टोबर कन्फर्म." २५ तारखेचा अलॉटमेंटचा मेसेजही आहे.

माजी_शोरूमवाला

मग तुमची बाजू बरी आहे. नुसत्या बुकिंगवर वेटिंग लांबलं तर फारसं हाती लागत नाही, पैसे परत घ्या म्हणतात आणि विषय संपतो. पण गाडी अलॉट झाली सांगून पूर्ण रक्कम घेतली, ही वेगळी गोष्ट. आजच ईमेल करून चासी नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक, मागा. देता आला नाही तर अलॉटमेंटचा तो मेसेज खोटा होता हे त्यांनीच कबूल केलं. आतली गोष्ट सांगतो: बँकेचे पैसे लवकर आले की कंपनीकडून दुसरा माल उचलता येतो. तुमच्या ७ लाखांवर कुणाची तरी गाडी आली असणार.

आणि विमा? बिल फाडलं की विमाही फाडतात.

गोदाकाठ

आत्ता बघितलं. पॉलिसी ३० सप्टेंबरपासून सुरू आहे. गाडीच नाही आणि विमा दोन महिने चालू!

जुना_चेतक

आमच्या वेळी चेतक स्कूटरसाठी नंबर लावला की पोरगं शाळेत जाईपर्यंत थांबायचो. १९८३ मध्ये मारुतीचे १० हजार भरलेले लोक तर बुकिंगची पावतीच मिरवायचे. चालू द्या.

कलम_कसाई

मी वकील आहे, पण इथे फुकट बोलतो, तेव्हा तेवढ्याच किमतीचं समजा.

आधी १९१५ वर तक्रार नोंदवा, ती ग्राहक हेल्पलाइन आहे. बरेच डीलर तिथूनच हलतात. नाही हलले तर लेखी नोटीस, १५ दिवसांची मुदत, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे जातो. तुमच्या रकमेला फी २०० रुपये. ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतं, वकील लागतोच असं नाही.

काय मागायचं ते नीट बघा. हप्ता मागू नका. हप्त्यातलं मुद्दल तुमचंच कर्ज फेडतंय. व्याज मागा. ७ लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याला सव्वापाच हजार होतात. तुमचे स्वतःचे २ लाख ८० हजारही त्यांच्याकडे पडून आहेत, त्यावरही व्याज मागा. विमा वाया गेला तेवढा. प्रवासखर्च, पण बिलं असतील तेवढाच. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहिणारे पुष्कळ भेटतात, मिळतात काही हजार.

कंपनीलाही पक्षकार करा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. गोव्यातल्या एका ग्राहकाला नवी म्हणून २००९ ची गाडी दिली होती. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सची जबाबदारी काढून टाकली, डीलरची कायम ठेवली. डीलर स्वतःच्या नावावर माल विकत घेतो, त्यामुळे त्याचा गैरप्रकार कंपनीला ठाऊक होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून आजच कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेल टाका. उद्या "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय नको.

गोदाकाठ

कॅबची बिलं अ‍ॅपमध्ये आहेत, रिक्षाची अर्थात नाहीत. कालच मॅनेजरने १५ हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज "गुडविल म्हणून" देऊ केल्या, एका कागदावर सही मागतोय.

कलम_कसाई

"आता काही तक्रार नाही" असं लिहिलं असेल तर सही नको. गाडी घेताना डिलिव्हरी नोटवर "भरपाईचा हक्क राखून" एवढं लिहा आणि घ्या.

माजी_शोरूमवाला

जानेवारीत मिळाली तर २०२५ मध्ये बनलेली गाडी गळ्यात मारतील, चासी नंबरवरून वर्ष तपासा. आणि मुख्य म्हणजे, जुनी गाडी तुमच्या नावावरून गेली का? एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर बघा. ट्रान्सफर होईपर्यंत काही झालं तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

गोदाकाठ

बघितलं. अजून माझ्याच नावावर आहे. ८ नोव्हेंबरचं एक चलानही आहे, मुंबई नाक्यावर सिग्नल तोडल्याचं.