उत्तर: एका हाताने हाय-हॅटवर सोळांश, ९५ च्या पुढे हात आखडतो

प्रश्न असा: ड्रम सेटच्या हाय-हॅटवर (पायाच्या पेडलने मिटणाऱ्या दोन झांजा) एकाच हाताने सोळांश वाजवताना ९५ बीपीएमच्या (मिनिटाला ९५ मात्रा) पुढे हात आखडतो. त्यावर जड स्टिक घेण्याचा सल्ला आलाय, पण त्याने काम होणार नाही. सोळांश म्हणजे एका मात्रेत चार ठोके, तेव्हा ९५ बीपीएमला मिनिटाला ३८० ठोके. प्रत्येक ठोक्याला मनगट वेगळं मारलं तर कोपराखालचा स्नायू आखडणारच. मनगटाच्या एका हालचालीत दोन ठोके काढा, म्हणजे मनगटाला १९०च फेऱ्या माराव्या लागतील.

मनगट खाली जाताना स्टिकचा खांदा, म्हणजे टोकामागचा निमुळता भाग, झांजेच्या कडेवर पडतो. मनगट वर उचलताना टोक वरच्या पृष्ठभागावर टेकतं. पकड अंगठा आणि तर्जनीत. बाकीची बोटं स्टिकला नुसती लागून. हाय-हॅट फार उंच असेल तर मनगट कडेच्या खाली जातच नाही, मग हा प्रकार जमत नाही. आधी स्टँड खाली घ्या.

सुरुवात ६० ला करा. दुसरा ठोका दबका येतो, हीच खरी अडचण. त्यामुळे काही दिवस मुद्दाम उलटा जोर द्या: कडेवर हलका, वर ठसठशीत. दोन्ही सारखे ऐकू आले की चार-चार बीपीएमने चढा. हात आखडायला लागला की लगेच थांबा, रेटत राहिलात तर घट्ट पकडच अंगवळणी पडते. दुसऱ्या हाताचा स्नेअर (सेटमधला मुख्य ड्रम) शेवटी जोडा. तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो तेव्हा नेमका हाय-हॅटचा हात घाई करतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून तेवढं तपासा.

आणि पेडलवरचा पाय घट्ट ठेवा. ढिल्या झांजा उसळी गिळतात.