जॉर्डनच्या सहलीत समुद्रकाठचं अकाबा आधी की डोंगरातलं पेट्रा आधी? बसवाल्याला गुरुवारपर्यंत कळवायचंय

नाना:

ताईंनी काल टाकलेला कार्यक्रम दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकाबाला दोन डाईव्ह आणि दुपारी 2 ला बस पेट्राजवळच्या वादी मूसा गावाकडे, हे चालणार नाही. रस्ता समुद्रसपाटीवरून निघतो आणि रास अन नकबच्या चढणीला दीड हजार मीटरच्या आसपास जातो, वादी मूसा स्वतःच हजार मीटरवर आहे. डाईव्ह करून त्याच दिवशी एवढं वर चढायचं नसतं, विमान असो की बस, शरीराला फरक पडत नाही. आम्ही सातजण हवेची टाकी लावून बुडालेलं जहाज बघायला उतरणार आहोत, स्नॉर्कलवाल्यांना अडचण नाही. क्रम उलटा करा एवढंच म्हणणं आहे, आधी पेट्रा, मग रमचं वाळवंट, मग अकाबा.

ताई, सहल समिती:

नाना, कार्यक्रम समितीने तीन बैठका घेऊन ठरवलाय, तुम्हालाही बोलावलं होतं. अकाबा आधी ठेवण्यामागे कारण आहे. तिकडे शुक्रवार शनिवार सुट्टी, अख्खं अम्मान समुद्रावर येतं, हॉटेलं महाग होतात आणि साऊथ बीचला पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणून आपण बुधवारी उतरून थेट अकाबा गाठायचं आणि गुरुवारी दुपारी तिथून निघायचं असं बसवलंय. मग शुक्रवार पेट्रा, शनिवार रम, रविवार मृत समुद्र, सोमवारी संध्याकाळी विमान. बसवाल्याला अनामत गेली आहे. सातजणांसाठी चाळीसजणांचा कार्यक्रम हलवायचा म्हणजे सगळ्यांना पुन्हा फोन करणं आलं आणि ते काम कोण करतं हे यादीवर सगळ्यांना माहीत आहे. गुरुवारी डाईव्ह एकच केली तर चालेल का ते सांगा.

आप्पा:

नाना उगाच घाबरवताय लोकांना. दोन वर्षांपूर्वी आम्ही तारकर्लीला स्कुबा केलं, देवबागला जेवलो आणि त्याच दिवशी गगनबावड्याचा घाट चढून संध्याकाळी कोल्हापूर गाठलं, नातवंडंसुद्धा बरोबर होती, कोणाला काहीही झालं नाही. उलट घाटात गाडी थांबवून भजी खाल्ली. जहाज बघायचंच असेल तर बघा पण सगळ्यांचा कार्यक्रम मोडू नका. आणि पेट्राला दोन दिवस हवेत हे मी मागच्या सहलीपासून सांगतोय त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

डॉक्टर वहिनी:

आप्पा, तारकर्लीला तुम्हाला प्रशिक्षकाने धरून नेलं असेल, चार पाच मीटर खाली, पंधरा वीस मिनिटं. त्यात अंगात फारसा नायट्रोजन मुरत नाही म्हणून तुम्ही सुखरूप घाट चढलात. नाना मंडळी सीडर प्राइडवर जाणार आहेत. ते जहाज 1985 साली मुद्दाम बुडवलंय, एका कुशीवर पडलंय आणि खालची बाजू पंचवीस मीटरच्या आसपास आहे. दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे 20 मीटरवर तिप्पट. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि सांध्यांत विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू निघून जायला वेळ मागतो. तो वेळ न देता उंचीवर गेलात की बाहेरचा दाब आणखी कमी होतो आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण झटक्यात काढल्यावर जे होतं तेच रक्तात होतं. ताई विचारतात एक डाईव्ह चालेल का, तर साधा नियम असा की एका डाईव्हनंतर 12 तास, एकाहून जास्त झाल्या तर 18 तास विमान नाही, आणि डोंगर चढणं त्याच हिशोबात धरायचं. सकाळी एक डाईव्ह करून दुपारी 2 ला घाट, हेसुद्धा बसत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. अमिरातीत फुजैराला डाईव्ह करून आम्ही त्याच संध्याकाळी हौसेने जेबेल जैस डोंगरावर गेलो होतो. ज्याच्याकडे डाईव्ह केली त्याने एका शब्दाने सांगितलं नाही आणि मी स्वतः डॉक्टर असून माझ्या डोक्यात आलं नाही. वर पोचल्यावर डावं कोपर असं ठणकायला लागलं की हात सरळ होईना, मनगटापर्यंत मुंग्या, आणि मला वाटत राहिलं की टाकी उचलताना लचकलं असेल. रात्री दोनला इमर्जन्सीत ऑक्सिजन लावला तेव्हा दुखणं उतरायला लागलं. नंतरही दोन दिवस पोळी लाटता येत नव्हती. त्यामुळे या मुद्द्यावर मी नानांच्या बाजूने आहे आणि समितीने मत बदललं तर त्यात कमीपणा नाही.

माई:

वहिनी, कोपर आता बरं आहे ना? मला हे कधीच सांगितलं नव्हतंत.

क्रम कुठलाही ठेवा पण रमच्या कँपला आमचं जेवण आधी कळवा. तिथे झर्ब म्हणून करतात, वाळूत खड्डा, त्यात निखारे आणि वर तीन मजली जाळी ठेवून माती टाकून बंद करतात. मटण, कोंबडी आणि बटाटे गाजरं कांदे सगळं एकाच जाळीच्या चळतीत, रस गळतो खालच्या भाज्यांवर. शाकाहारींनी विचारलं की ते प्रेमाने भाज्याच वाढतात आणि आपल्याला कळत नाही. वेगळं भांडं मागायचं, आधी सांगितलं तर देतात. भातही बहुतेक वेळा मटणाच्या पाण्यात शिजवलेला असतो. एरवी उपासमार नाही, फलाफल, हमूस, फूल म्हणजे आपल्या उसळीसारखं, आणि मुजद्दरा मिळाला तर बघा, मसूर तांदूळ आणि वर तळलेला कांदा, खिचडीच ती. मी मेतकूट आणि भाजणी आणतेय. लाडू कोण करतंय ते अजून ठरलेलं नाही.

भाऊ, खजिनदार:

पैशाचं बोलतो. जॉर्डन पास, म्हणजे व्हिसा आणि प्रवेश तिकिटं एकत्र, सगळ्यांनी इथूनच काढायचा, विमानतळावर उतरल्यावर काढून उपयोग नाही. त्यात व्हिसाचे 40 दिनार माफ होतात, अट एवढीच की देशात निदान 3 रात्री राहायचं, आपल्या 5 आहेत. पेट्राचा एक दिवस धरून पास 70 दिनारला, दोन दिवस धरून 75 ला. आप्पा म्हणतात ते मला पटतं, 5 दिनारसाठी एक दिवस सोडू नये. वेगळं तिकीट काढलं तर पेट्राच्या एका दिवसाचेच 50 आहेत. रम आणि जेराशचे रोमन अवशेष पासातच येतात. कृपया कोणी परस्पर एका दिवसाचा काढू नका, मागच्या वेळी दोन घरांचं काय झालं ते आठवा.

बसची अनामत क्रम बदलला तरी बुडत नाही, मी आज फोन करून विचारलं. फक्त गुरुवारपर्यंत सांगा म्हणाला. ताई, रागावू नका, मला वाटलं तोवर माहिती काढून ठेवावी.

आप्पा:

वहिनींचं वाचलं. तारकर्लीचं उदाहरण मागे घेतो, खोलीचा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

आता पेट्राचं ऐका. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी नीट पाहिलंय त्यांनी सिकमधून, म्हणजे पेट्रात शिरायच्या अरुंद घळीतून, बाहेर पडल्यावर लगेच फोटो काढत सुटू नये. सव्वा किलोमीटरची ती घळ, दोन्ही भिंतींत पेट्रा वसवणाऱ्या नबातियनांनी पाणी नेण्यासाठी खोदलेले पाट अजून दिसतात, हात फिरवला तर काठ गुळगुळीत लागतो. मग शेवटच्या वळणावर खजना, कड्यात कोरलेली ती प्रसिद्ध वास्तू, जवळजवळ 40 मीटर उंच. त्याच्या दोन्ही बाजूंना खडकात वरपर्यंत चौकोनी खाचांची रांग आहे, एकावर एक, ती बघा. कारागीर कसे चढले असतील याचा अंदाज तिथे येतो. कैलासासारखंच वरून खाली खोदत आणलंय, एक दगड चुकला तर परत लावायची सोय नाही. आणि आत काय, तर साधी रिकामी चौकोनी खोली, आत सोडतही नाहीत. सगळी कला दर्शनी भागावर. आपल्याकडे उलट, आतबाहेर चहूकडे कोरलंय. मी दरवेळी भांडतो की कैलास मोठं, पण पाणी आणण्याच्या बाबतीत हे लोक आपल्याहून काकणभर पुढे होते, वाळवंटात शहर वसवायचं म्हणजे थेंब मोजावा लागतो.

दुसरा दिवस हवा तो वर डोंगरात कोरलेल्या देअर म्हणजे मॉनेस्ट्रीसाठी. आठशेच्या वर पायऱ्या आहेत आणि दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं.

माई:

आप्पा, गुडघेवाल्यांनी काय करायचं? मागे कोणी तरी सांगितलं की गाढव मिळतं वरपर्यंत.

ताई, सहल समिती:

माई, गाढवावर जाऊ नका असं मी हात जोडून सांगते. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, कडेला दरी, आणि ती जनावरं दिवसभर उन्हात फेऱ्या मारतात, त्यांच्या पाठीवरच्या जखमा मी स्वतः बघितल्यात. खजन्यापर्यंत ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी आता सिकमधून विजेच्या गाड्या आहेत. घोडा दाराजवळ तिकिटात आहे म्हणून बोलावतात, पण उतरताना बक्षिशी मागतात आणि वाद होतो, ज्यांना नको त्यांनी सरळ ला शुक्रन, म्हणजे नको धन्यवाद, म्हणून पुढे चालावं.

बाकी कार्यक्रमाचं. वहिनींचं वाचून मी रात्री नकाशा घेऊन बसले. नाना म्हणतात तसं उलटं केलं तर शेवटी अकाबाहून परत अम्मानला यायचं, वाळवंटी महामार्गाने आलो तर पुन्हा तोच रास अन नकब. मग त्याचं काय?

नाना:

ताई, फार बरोबर प्रश्न विचारलात, हे माझ्याही डोक्यात नव्हतं. उत्तर वादी अरबाचा रस्ता. अकाबाहून सरळ उत्तरेला खोऱ्यातून मृत समुद्राला जातो, मध्ये दोन अडीचशे मीटरच्या वर कुठे चढत नाही आणि नंतर समुद्रसपाटीच्या खालीच उतरत जातो, मृत समुद्र उणे 430 मीटरच्या आसपास. साडेतीन तास धरा. शेवटची रात्र तिथेच काढायची, म्हणजे तुमचा मृत समुद्रही राहिला आणि आमचे 18 तासही भरले.

शनिवारच्या गर्दीचं म्हणाल तर आपण शनिवारी दुपारी अकाबात पोचू, तोवर अम्मानवाले परतायला लागतात, रविवारी त्यांची कचेरी.

आणखी एक, सगळ्यांसाठी, फक्त डाईव्हवाल्यांसाठी नाही. अकाबाच्या जपानी गार्डन या किनाऱ्याला पोवळं अगदी काठापासून सुरू होतं, कमरेएवढ्या पाण्यात. तिथे उभं राहायचं नाही. दमलात तर पाठीवर तरंगा, पाय टेकवू नका. मी बघितलंय, एका माणसाने मास्क नीट करायला म्हणून पाय ठेवला आणि हाताएवढी शाखा मोडली, आतून पांढरी शुभ्र, आणि त्यातले बारके निळे मासे जागा सोडेनात, तिथल्या तिथे घिरट्या घालत राहिले. तांबड्या समुद्राच्या त्या उत्तरेकडच्या टोकाचं पोवळं उष्णता सोसणारं म्हणून जगभर अभ्यासलं जातंय, बाकी समुद्रांतलं पांढरं पडत असताना हे बरंचसं टिकलंय. ते आपल्या टाचेने जायला नको. सनस्क्रीन लावून उतरण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला.

ताई, सहल समिती:

ठरलं. बुधवारी अम्मानला उतरून थेट वादी मूसा. गुरुवारी पेट्रा, शुक्रवारी सकाळी लवकर पुन्हा आत, ज्यांना देअर करायचंय ते करतील, दुपारी 3 ला बस रमकडे, उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही. देअरवर दुपारचं ऊन बघायचंय ते आप्पांबरोबर गुरुवारीच वर जातील. शनिवारी अकाबा, त्या दिवशी स्नॉर्कल. रविवारी सकाळी डाईव्ह, 11 ला शेवटचा माणूस पाण्याबाहेर, नाना ही जबाबदारी तुमची. दुपारी वादी अरबाने मृत समुद्र. सोमवारी संध्याकाळी विमान. जेराश यावेळी राहिलं, त्याचं मला वाईट वाटतंय, माझ्या यादीत ते सगळ्यात वर होतं. चाळीस फोन मी करणार नाही, प्रत्येक गटप्रमुखाने आपापले करावेत.

डॉक्टर वहिनी:

ताई, मनापासून आभार. माझ्या भागातले फोन मी आजच करते. ऑक्सिजनचा संच बोटीवर आहे का हे डाईव्हवाल्याला मी स्वतः विचारीन, तोंडी उत्तर नको, फोटो मागवते. माई, कोपर बरं आहे, लाडू मी करते.

भाऊ, खजिनदार:

बसवाल्याला कळवलं. स्नॉर्कलवाल्यांनी बुटाचा नंबर उद्या रात्रीपर्यंत पाठवा, मुलांचे वेगळे लिहा. ड्रोन कोणीही आणू नका, तिकडे परवानगीशिवाय विमानतळावरच काढून घेतात.