शब्दचर्चा: 'छळ' की आणखी काही?

निळी शाई (नेरूळ): शेजारच्या मुलीने कॉलेजच्या अंकासाठी इंग्रजीत कथा लिहिलीय, मी ती मराठीत आणतेय. एका शहरात डावखुरेपणाला बंदी आहे. दर सोमवारी नाक्यावर तपासनीस हात उलटा करून बघतो. करंगळीखालची कड निळी दिसली की नाव वहीत. (डाव्या हाताने लिहिताना हात ओल्या अक्षरांवरून फिरतो ना, म्हणून.) या सगळ्या प्रकाराला तिने 'पर्सिक्यूशन' म्हटलंय. मी 'छळ' लिहिलं, तर आमचे हे म्हणाले, "पेपरातला 'विवाहितेचा छळ' वाटतो." आता मलाही तसंच ऐकू येतंय.

नौपाड्याचा काका: 'छळ' मुळात चुकीचाच. संस्कृतात छल म्हणजे कपट, हिंदीत आजही तेच. 'उत्पीडन' लिहा.

तलावपाळी: काका, संस्कृतात काय होतं ते तिथेच राहू द्या. मराठी माणूस शेकडो वर्षं छळतोय तो काय कपट करतोय? आणि उत्पीडन हिंदी बातम्यांतून आलंय.

नौपाड्याचा काका: उत्पीडन शुद्ध तत्सम आहे. हिंदीने वापरला म्हणून आपण सोडायचा?

घोडबंदर ७: 'वाळीत टाकणे' का नको? 2016 साली राज्याने त्याविरुद्ध कायदाही केला.

निळी शाई: बघितलं. कायद्याच्या नावात 'सामाजिक बहिष्कार' आहे. शिवाय वाळीत गाव टाकतं, जात टाकते. इथे सरकार आहे आणि ते कुणाला टाकत नाही, दर सोमवारी हात बघतं. 'हात धुऊन मागे लागणे' आवडलं होतं, पण कोणता हात धुतला विचारतील 🙂

तलावपाळी: ताई, अडचण कळली. मराठीत छळणाऱ्याला चेहरा लागतो. सासू, नवरा, वरिष्ठ. तुमच्या तपासनिसाचा कुणावर राग नाही, तो फक्त वही भरतोय. 'जाच' बघा. 'जाचक अटी' म्हणतोच, तिथे माणूस लागत नाही.

अकोलेकर (मु. ऐरोली): आमच्याकडे डावखुऱ्याला डेबऱ्या म्हणतात. मी पाचवीपर्यंत डेबऱ्याच होतो, खरं नाव हजेरीपुरतं. आजीने माझा डावा हात पदराच्या चिंधीने पाटाच्या पायाला बांधला होता, जेवताना. छळ म्हणून नाही हो, प्रेमानेच. वरणभात उजव्या हाताने सांडला की ती स्वतः भरवायची. आजही लिहितो उजव्याने, भाजी चिरतो डाव्याने.

निळी शाई: हे कथेत घालू का?

अकोलेकर: घाला. आजीचं नाव नको.

घोडबंदर ७: भाषाच बघा की. 'डावं-उजवं करणे' म्हणजे भेदभाव. मुलगी 'उजवली', कूस 'उजवली', सगळं शुभ उजवीकडे. आणि डाव्यावरून 'डावलणे'.

नौपाड्याचा काका: डावलणे डाव्यावरून कशावरून? 'डाव' वरून का नाही? डावातून बाहेर ठेवणे.

घोडबंदर ७: वाटेत नको असलेली गोष्ट डावीकडे टाकून जायची, तेच डावलणं.

नौपाड्याचा काका: ही तुमची कल्पना. आणि डावं ते वाईटच असं नाही. वाम म्हणजे सुंदरही. वामलोचना आठवा.

तलावपाळी: आणि वाममार्ग?

नौपाड्याचा काका: तो वेगळा विषय.

तलावपाळी: सोयीचा नसला की वेगळाच असतो.

घोडबंदर ७: ताई, तुमच्या सरकारची घोषणाच करा ना, 'आम्ही डावं-उजवं करत नाही'. भिंतीभिंतींवर.

निळी शाई: ही घेतली! मूळ लेखिकेला विचारून घालते. पण माझा शब्द? अंक शुक्रवारी छपाईला जातोय.

नौपाड्याचा काका: उत्पीडन.

तलावपाळी: जाच.

अकोलेकर: डाव्या हाताची कात्री ठाण्यात कुठे मिळते, माहितीय का कुणाला? लेकीला हवीय. तीपण डेबरीच निघाली.