अरबी कोण शिकवतं, मुख्याध्यापक की शाळेचं वातावरण?

खडूफळा

इस्लामी शिक्षणसंस्थांवरच्या संशोधनात, विशेषतः इंडोनेशियातून, एकाच साच्यातले निबंध ढिगाने येताहेत. मुख्याध्यापकाचं नेतृत्व, शाळेचं वातावरण आणि मुलांचं अरबी किंवा इंग्रजी, या तीन गोष्टी घ्यायच्या. शिक्षकांना प्रश्नावली वाटायची, 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा पाच चौकटी. मग बाण काढलेली आकृती. निष्कर्ष आधीच ठरलेला: नेतृत्व चांगलं म्हणून वातावरण चांगलं, वातावरण चांगलं म्हणून भाषा चांगली.

मला यातला पहिला बाण पटत नाही. भाषेच्या बाबतीत प्रमुखाला फुकटचं श्रेय मिळतंय.

गोंतोर घ्या. पूर्व जावात पोनोरोगो भागात १९२६ साली तीन भावांनी सुरू केलेली पेसांत्रेन, म्हणजे निवासी इस्लामी विद्यालय. तिथली मुलं वर्गाबाहेरही अरबी आणि इंग्रजीतच बोलतात, आलटून पालटून. नव्या पोरांना सुरुवातीला सूट, ती संपली की घरची भाषा बंद. पहाटेच्या नमाजानंतर नवे शब्द घोकायचे, ठरलेल्या सकाळी जोडीजोडीने समोरासमोर उभं राहून संभाषण करायचं, शिवाय भाषणांचा सराव. या सगळ्यावर रोजची देखरेख असते वरच्या वर्गातल्या मुलांची. संस्थाप्रमुख या चित्रात कुठेच दिसत नाही. संस्थापकांपैकी इमाम झरकशी १९८५ मध्ये वारले, त्यानंतरही अरबी तशीच चालू आहे. माणूस गेला, वातावरण राहिलं. मग शिकवलं कोणी?

तळटीप

सपशेल असहमत. तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय.

हे वातावरण काय आभाळातून पडलं? १९३६ मध्ये तिथे शिक्षक घडवणारा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. भाषांतर करून अरबी शिकवायची नाही, थेट अरबीतूनच शिकवायची, हा निर्णय झरकशींचा. त्यासाठी पाठ्यपुस्तकंही त्यांनी स्वतः लिहिली. १९५८ मध्ये तिघा भावांनी अख्खी संस्था वक्फ करून एका मंडळाच्या हवाली केली. म्हणजे मुलगा किंवा जावई आपोआप गादीवर बसणार नाही. पेसांत्रेनच्या जगात ही साधी गोष्ट नव्हे! तुम्ही म्हणताय 'माणूस गेला, वातावरण राहिलं'. ते राहावं म्हणूनच त्यांनी तशी तजवीज केली होती. याला नेतृत्व म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? पहाटे पोरांना हाकारत फिरणं म्हणजे नेतृत्व नाही हो.

खडूफळा

@तळटीप, अशी व्याख्या केली की वादच संपतो. भाषा चांगली असली की कुणीतरी कधीतरी चांगला निर्णय घेतलेला असणारच, म्हणजे नेतृत्व चांगलं. बिघडली तर नेतृत्व कमी पडलं. जे कधी चुकीचं ठरूच शकत नाही ते मोजायचं कसं? आणि हे निबंध १९५८ च्या वक्फबद्दल विचारतच नाहीत. ते विचारतात, 'आमचे मुख्याध्यापक शिक्षकांना प्रेरणा देतात का?'

चौथा तास

प्रश्नावलीचा विषय निघालाच आहे तर आतली गोष्ट सांगतो. मी एका इस्लामी संस्थेच्या शाळेत अरबी शिकवतो. मध्यंतरी अशीच एक प्रश्नावली आमच्याकडे आली. शिपाई गठ्ठा घेऊन शिक्षकखोलीत आला, तो थेट साहेबांच्या केबिनमधून. वर चिकटवलेली चिठ्ठी: 'सुट्टी संपायच्या आत भरून ऑफिसात जमा करणे.' नावाची जागा 'ऐच्छिक' होती, पण विषय आणि नोकरीची वर्षं लिहायची होती. अरबीचा शिक्षक शाळेत मी एकटाच. 'मुख्याध्यापक माझं म्हणणं ऐकून घेतात' यापुढे मी कुठल्या चौकटीत खूण केली असेल, ते ओळखा.

आता गंमत पुढे आहे. नेतृत्वाचे प्रश्न मीच भरले, वातावरणाचेही मीच, 'मुलांची भाषिक प्रगती'सुद्धा मीच, एकाच बैठकीत, त्याच पेनाने. त्या दिवशी माझा मूड बरा असेल तर तिन्ही आकडे वर, डोकं दुखत असेल तर तिन्ही खाली. तिन्हींत घट्ट संबंध आढळला यात नवल ते काय! नेतृत्व-वातावरण-भाषा हा संबंध काही अंशी माझ्या डोक्यातला आहे, शाळेतला नव्हे. संशोधनपद्धती शिकवणाऱ्या कुणालाही हा दोष माहीत असतो. निबंधाच्या शेवटी 'मर्यादा' म्हणून दोन ओळी लिहिल्या की काम भागतं.

आणखी एक. वातावरण ही शाळेची गोष्ट. दहा शाळांतले दोनशे शिक्षक घेतले तर वातावरणं दहाच, दोनशे नव्हेत. तरी बऱ्याच ठिकाणी हिशोब दोनशेचाच होतो.

वजाबाकी

+१, पण अर्धाच. मोजमाप ढिसाळ आहे म्हणजे मोजलेली गोष्ट खोटी, असं होत नाही.

इस्लामी शाळा क्षणभर बाजूला ठेवा. शाळांच्या नेतृत्वाचे अभ्यासक लीथवूड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं की मुलांच्या शिकण्यावर परिणाम करणाऱ्या शाळेतल्या गोष्टींत वर्गातल्या अध्यापनाखालोखाल नेतृत्वाचा नंबर लागतो. २००८ मध्ये व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून तुलना केली. प्रेरणा देणारं, स्वप्नं दाखवणारं नेतृत्व आणि शिकवण्यात प्रत्यक्ष लक्ष घालणारं नेतृत्व, यांत दुसऱ्याचा मुलांवरचा परिणाम तिप्पट-चौपट निघाला. सगळ्यात जास्त फरक कुठे, तर प्रमुख शिक्षकांबरोबर स्वतः शिकायला बसतो तिथे.

म्हणजे खडूफळा यांची तक्रार खरी आहे, फक्त पत्ता चुकलाय. नेतृत्वाला दोष देऊ नका, 'प्रेरणा देतात का' या प्रश्नाला द्या. अरबीच्या तासाला कोण जाणार, तास दिवसाच्या शेवटी ढकलला जाणार का, नव्या शिक्षकाचा पाठ कुणी ऐकणार का, हे ठरवणारा माणूस बिनमहत्त्वाचा कसा?

मधली ओळ

दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालल्या आहेत: प्रमुख स्वतः शिकवत नाही, तो शिक्षकांमार्फत आणि वातावरणामार्फत काम करतो. हॅलिंजर आणि हेक यांनी १९९८ मध्ये हेच मांडलं, नेतृत्वाचा परिणाम मुख्यतः अप्रत्यक्ष असतो म्हणून. केबिनमध्ये बसणाऱ्या मुख्याध्यापकांच्या शाळांसाठी ते ठीक.

जावातल्या जुन्या वळणाच्या पेसांत्रेनमध्ये मात्र प्रमुख, म्हणजे कियाई, हाच अरबीचा शिक्षक. 'सोरोगन' पद्धतीत एकेक मुलगा किताब घेऊन त्याच्यासमोर बसतो, वाचतो, अडखळतो, दुरुस्त होतो. 'बांदोंगान' पद्धतीत कियाई वाचतो आणि सगळे आपापल्या प्रतीत अर्थ टिपतात. त्या प्रती पाहण्यासारख्या असतात. पिवळसर कागद, अरबीच्या दोन ओळींत ऐसपैस जागा सोडलेली, आणि प्रत्येक शब्दाखाली तिरका लटकवलेला जावी अर्थ, तोही अरबी लिपीच्याच पेगोन नावाच्या रूपात. शब्दाचा नुसता अर्थ नाही, वाक्यातलं त्याचं कामही: उद्देश्याला 'उतावी', विधेयाला 'इकु'. अख्खं व्याकरण त्या लटकत्या अक्षरांत असतं.

हा मुलगा अरबीत गप्पा मारू शकणार नाही कदाचित, पण शेकडो वर्षांपूर्वीचा फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याचा, ग्रंथ उलगडून दाखवेल. इथे आकृतीतला मधला, वातावरणाचा डबा गळून पडतो. प्रमुख ते भाषा, थेट बाण.

चौथा तास

@मधली ओळ, सुरेख लिहिलंय. पण कियाई शेकडो, कुठे हजारो मुलांचं सोरोगन ऐकतो का? ते त्याचे जुने विद्यार्थीच ऐकतात. बाण पुन्हा वाकडा झाला.

मधली ओळ

मोठ्या ठिकाणी झाला, मान्य. लहान पेसांत्रेनही पुष्कळ आहेत. आणि ऐकणारा कुणीही असो, तो कियाईकडे ज्या पद्धतीने शिकला तसंच शिकवतो.

हरकत

तुम्ही सगळे 'चांगलं वातावरण' असं बिनदिक्कत म्हणताय. चांगलं कुणासाठी?

गोंतोरसारख्या संस्थांमध्ये भाषेचं 'न्यायालय' असतं. दिवसभरात कोण चुकून घरच्या भाषेत बोललं, हे टिपायला मुलांमधलेच हेर नेमलेले असतात. पकडला गेलेल्याला शिक्षा, आणि अनेकदा पुढची हेरगिरी त्याच्याच गळ्यात. मुख्य धाग्यात शब्द घोकणं आलं, जोड्यांचं संभाषण आलं, एवढंच नेमकं राहून गेलं. परकी भाषा बोलताना चुकण्याची धास्ती शिकण्याच्या आड येते, हे होरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच मांडलंय, त्यासाठी ३३ विधानांची मोजपट्टीही दिलीय. ती भरतात विद्यार्थी. आणि वातावरणाची प्रश्नावली कुणाला, तर शिक्षकांना! तेरा वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं का, की दात दुखत असताना अरबीतला शब्द आठवला नाही तर तू काय करतोस?

तळटीप

@हरकत, मुलांना विचारायलाच हवं, शंभर टक्के सहमत. पण नियम म्हणजे दहशत, असं सरसकट होत नाही. सगळेच चुकतात आणि सगळेच पकडले जातात तिथे चुकण्याची लाजही कमी होते. कुढणारी मुलं असतील, खेळ समजून रमणारीही असतील. दंड कुठवर, हेराच्या तक्रारीची शहानिशा कोण करणार, नव्याला किती सूट, या मर्यादा आखतं कोण? वरच्या वर्गातल्या पोरांवर सोडलं तर छळ व्हायला वेळ लागत नाही. प्रमुखाचं काम इथेच दिसतं, आणि खडूफळा म्हणतात तो चित्रात नाही.

हरकत

शिक्षेला मर्यादा घालणं म्हणजे उत्तम नेतृत्व? अपेक्षा फारच खाली आणल्यात राव.

पागोळी

थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. आपल्याकडे देवबंदचं दारुल उलूम १८६६ चं, तिथे अरबी ग्रंथ शिकवले गेले उर्दूतून. लखनौच्या नदवा या मदरशात १८९८ पासून शिकवणं सुरू झालं, आणि अरबी जिवंत भाषा म्हणून लिहिता-बोलता यावी हा आग्रह पुढे त्या संस्थेची ओळख बनला. दोन्हीकडे निष्ठावान शिक्षक, कडक शिस्त. फरक पडला तो अरबी कशासाठी हवी याच्या उत्तरामुळे. हे उत्तर प्रश्नावलीत कुठल्या डब्यात टाकणार, नेतृत्वात की वातावरणात?

खडूफळा

पागोळी, मी तिसरा डबा करेन: धोरण. एकदा ठरलं की प्रमुख कुणीही असो, फारसा फरक पडत नाही.

आणि मोजायचंच असेल तर नीट मोजा. इंडोनेशियातला मदरसा आणि पेसांत्रेन वेगळे, हे या निबंधांत बरेचदा कालवलं जातं. मदरसा म्हणजे धर्म मंत्रालयाच्या अखत्यारीतली शाळा. १९७५ च्या तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयाने तिथे सामान्य विषय ७० टक्के आणि धार्मिक ३० टक्के झाले. सरकारी मदरशांत मुख्याध्यापक नेमलेला असतो आणि बदलतोही. तो बदलण्याआधीची काही वर्षं आणि नंतरची काही वर्षं, त्याच शाळेतल्या मुलांची अरबीची तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाकडून घ्या. गुण हलले तर नेतृत्वाचा बाण मी मान्य करीन. शिक्षकांना काही विचारूच नका.

वजाबाकी

कल्पना चांगली, पण सरकारी मदरसे मूठभर, बहुसंख्य खासगी. मुख्याध्यापक बदलतो तेव्हा अनेकदा शिक्षकही बदलतात, मग श्रेय कुणाचं? शिवाय जिथे अरबी खरोखर बोलली किंवा वाचली जाते त्या पेसांत्रेनमध्ये कियाईची बदली होत नाही. तो हयातभर असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच्यामागे मुलगा किंवा जावई येतो, त्याच पठडीत वाढलेला. तुमची परीक्षा नेमकी तिथे होईल जिथे अरबी आठवड्याच्या काही तासिकांपुरतीच उरली आहे. त्यातून गोंतोरबद्दल काय कळणार?

चौथा तास

बाहेरचा परीक्षक येणार असेल तर मी तयार आहे. फक्त त्याला चहाला साहेबांच्या केबिनमध्ये नेऊ नका.