घरच्या पोकर टूर्नामेंटसाठी स्वतःच्या चिप्स करून घ्यायच्या आहेत, सल्ला हवा

इस्पिकराणी

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. आठ कुटुंबं, सोळा जण. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये दोन टेबलं लावून टेक्सस होल्डेम या प्रकारच्या पोकरची टूर्नामेंट खेळतो. माणशी २० डॉलर, सगळे बक्षिसात जातात. गेली दहा वर्षं दुकानातून आणलेल्या चिप्सच्या (डावात रकमेऐवजी वापरायच्या गोल चकत्यांच्या) त्याच पेटीवर भागवतोय. त्या चिप्सवर नुसती फाशांची चित्रं आहेत, आकडा नाहीच. त्यामुळे दर वेळी कोणीतरी अर्ध्या डावात विचारतंच, "निळी कितीची ठरली होती?" आता दहा वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून आपल्या स्वतःच्या चिप्स करायचं ठरवलंय, आणि डिझाइनचं काम माझ्याकडे आलंय.

माझं माहेर सावंतवाडीचं. आजोबांकडे दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचा, संच होता. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. पानं गोल, आणि प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची. पोकरची चिप पहिल्यांदा हातात घेतली तेव्हापासून मला ती पानं आठवतात. म्हणून असं योजलंय: २५ वर मत्स्य, १०० वर कूर्म, ५०० वर परशुराम, १००० वर राम, ५००० वर कल्की. मध्ये अवताराचं पूर्ण चित्र, भोवती वेलबुट्टी, आणि खाली देवनागरी आकडा.

विचारायचं ते असं. क्ले घ्यावी की सिरॅमिक? किती चिप्स लागतील? (आम्ही १००० धरतोय.) रंग कोणते ठेवावेत? आणि चित्राची फाइल कशी द्यायची असते? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

जुना डाव

ताई, कल्पना फार आवडली. मी असे दोन संच करून घेतलेत, त्यावरून सांगतो.

तुमच्या बेताला सिरॅमिकच घ्या. नाव सिरॅमिक असलं तरी ती चिनीमाती नसते, एक प्रकारचं कडक प्लास्टिकच असतं. तिच्यावर छपाई दोन्ही बाजूंना कडेपर्यंत आणि थेट कडेवरही होते, म्हणून बारीक चित्राला तिच्यासारखं दुसरं काही नाही. वजन साधारण १० ग्रॅम. क्लेची चिप हाताला जास्त गोड लागते, हे खरं. तिचा आवाजही मऊ असतो. पण तिच्यात चित्राला जागा फक्त मधल्या छोट्या चकतीवर, आणि कडेचे रंगीत ठोकळे वेगळ्या रंगाची क्ले बसवून दाबलेले असतात, छापलेले नसतात. अमेरिकेत क्लासिक पोकर चिप्स ही कंपनी घरगुती गिऱ्हाइकांना अशा दाबून घडवलेल्या चिप्स ऑर्डरप्रमाणे करून देते. किंमत सिरॅमिकपेक्षा बरीच चढी. पॉलसनच्या चिप्स खूप ऐकल्या असतील, पण त्या कसिनोंसाठी बनतात, घरच्या खेळाला नव्या मागवता येत नाहीत. आणि दुकानातल्या जड, साडेतेरा-चौदा ग्रॅमच्या चिप्सच्या पोटात धातूची चकती असते. वजन जास्त म्हणजे चीज चांगली, असं समजून त्या घेऊ नका.

आता संख्या. १००० नकोत, पैसे वाया जातील. सोळा जणांना प्रत्येकी १०,००० ने सुरुवात करा: २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार, १००० च्या सात. बेरीज करून बघा, बरोबर दहा हजार होतात. ब्लाइंड (दोघांनी पानं बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या रकमा, एक लहान, एक मोठी) २५-५० ने सुरू केलेत तर हे २०० मोठे ब्लाइंड झाले, संध्याकाळभर पुरतात. म्हणजे वाटायला १२८, १२८, ६४ आणि ११२. पुढे ब्लाइंड वाढले की २५ आणि १०० च्या चिप्स टेबलावरून उचलायच्या. त्या सगळ्या मिळून १६,००० च्या होतात, त्यांच्या बदली द्यायला हजाराच्या सोळा जास्त हव्यात. रीबाय घेणाऱ्याला, म्हणजे हरल्यावर पुन्हा पैसे भरून खेळात येणाऱ्याला, सरळ ५००० च्या दोन द्या. दहा रीबाय झाले तरी वीसच लागतील, आणि शेवटी ५०० च्या चिप्स उचलाल तेव्हा आणखी सहा, आणि हजाराच्या दोन. ठेवायचे अॅक्रिलिकचे रॅक शंभराचे येतात, वीस-वीसच्या पाच ओळींचे, म्हणून मागणी विसाच्या पटीत करा. १४०, १४०, ८०, १४०, ४०. झाल्या ५४०. त्यात हरवलेल्या-फुटलेल्यांची सोयही आली.

आकड्याआधी डॉलरचं चिन्ह छापू नका. टूर्नामेंटची चिप म्हणजे पैसा नव्हे. उद्या तुम्ही रोख खेळायला बसलात तर घोटाळा होईल.

छपाईवाला

माझा पुण्यात छापखाना आहे. पोकर खेळत नाही, पण ३९ मिलिमीटरच्या वर्तुळात काय मावतं आणि काय नाही ते रोज बघतो. मला तुमचं मधलं पूर्ण चित्र काळजीचं वाटतं.

अवताराचं पूर्ण चित्र म्हणजे सिंहासन, चवरी, मुकुट, दागिने. गंजिफाचं पान हातात धरून डोळ्यांजवळ बघतात. तुमची चिप टेबलाच्या पलीकडून, बेसमेंटच्या दिव्यात, आणि बहुतेक वेळा ढिगात आडवी दिसणार. ढिगात तिचा चेहरा, म्हणजे चित्राची सपाट बाजू, कुणाला दिसत नाही, फक्त कड दिसते. म्हणून डिझाइन कडेपासून सुरू करा. आधी कडेचा रंग आणि पट्टे, मग आकडा, मग जागा उरली तर चित्र. मला माहीत आहे की तुम्ही उलट दिशेने निघाला आहात, कारण चित्रावर तुमचा जीव आहे. तरीही हाच क्रम धरा.

परीक्षा अगदी सोपी. पाचही चिप्स खऱ्या मापात कागदावर छापा, कापा, जुन्या चिप्सना चिकटवा. कडेला रंगीत पट्ट्या लावा. शनिवारी रात्री त्याच दिव्याखाली ढीग रचून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसा आणि लांबूनच ढीग मोजायचा प्रयत्न करा. कागदावर चार आणे खर्च होतील आणि पाचशे चिप्स वाचतील.

फाइलबद्दल: आकडे, अक्षरं आणि चिन्हं व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेल्या फाइलमध्ये) ठेवा, हाताने काढलेलं चित्र असेल तर किमान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. देवनागरी फॉन्ट असेल तर अक्षरं आउटलाइन करूनच, म्हणजे त्यांचे आकार करूनच पाठवा, नाहीतर परदेशातल्या छापखान्यात जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. हे मी स्वतः लग्नाच्या एका मोठ्या कामात भोगलंय. कापाच्या बाहेर रंग वाढवून द्यायचा आणि आत सुरक्षित अंतर सोडायचं, ही मापं त्यांच्या टेम्प्लेटमध्ये असतात, ती तंतोतंत पाळा. पडद्यावरचा गर्द जांभळा छपाईत हमखास मळतो. नमुना हातात आल्याशिवाय पूर्ण मागणी देऊ नका, कितीही घाई असली तरी.

जुना डाव

छपाईवाल्यांना दुजोरा. एक भर घालतो. चेहऱ्यावरचे पट्टे थेट कडेवर उतरवायचा मोह होतो. ते दोन छाप एकमेकांना नेमके जुळतीलच असं नाही, माझ्या पहिल्या संचात दर तिसरी चिप सरकलेली होती. चेहऱ्याच्या बाहेरच्या बाजूला एकरंगी गोल पट्टी ठेवा आणि कडेचे पट्टे फक्त कडेवरच ठेवा. मग सरकले तरी कळत नाही.

घाटमाथा

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. अवतारांची चित्रं पैशांच्या खेळात वापरणं मला बरं वाटत नाही. चिप्स फेकल्या जातात, जमिनीवर पडतात, कोणी बिअरचा ग्लास वर ठेवतो. आमच्या मंडळात एकाने शिवाजी महाराजांच्या शिवराई नाण्यासारख्या चिप्स करूया म्हणून सुचवलं होतं, "श्री राजा शिव" अक्षरांसकट. आम्ही तिथल्या तिथे नको म्हटलं.

इस्पिकराणी

राग कसला, हे माझ्याही मनात होतं. गंजिफा हाही खेळच आणि त्यावर अवतार आहेतच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण आजोबा खेळायला बसण्याआधी हात धुवायचे आणि पानं धुतल्या पंचावर मांडायचे, तेही आठवलं. आमच्या बेसमेंटमध्ये तसं होणार नाही. काय करावं?

किलवर सत्ती

उत्तर गंजिफातच आहे की! प्रत्येक अवताराच्या बारा पानांपैकी फक्त दोनच चित्रांची, राजा आणि प्रधान. उरलेल्या दहांवर नुसत्या खुणा असतात, एक ते दहा. त्या खुणा घ्या. मासा, कासव, परशू, बाण, तलवार. देवही नाही, चेहराही नाही, आणि छोट्या वर्तुळात एक मासा लांबूनही ओळखू येतो. छपाईवाल्यांची अडचणही त्यातच सुटते.

रंगांबद्दल: अमेरिकेत २५ हिरवी, १०० काळी, ५०० जांभळी, १००० पिवळी ही सवय बसलेली आहे, ती मोडू नका. ५००० ला लाल किंवा केशरी. पण माझ्या नवऱ्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा खूप जास्त असतं. सोळा जणांत एखादा असूही शकेल, त्याने कधी सांगितलं नसेल. त्यामुळे हिरवी गडद घ्या आणि केशरी उजळ, म्हणजे रंग नाही कळला तरी फिका-गडद कळेल. काळी आणि जांभळी पिवळ्या दिव्यात सारख्या दिसतात. काळीच्या कडेला चार पांढरे पट्टे द्या, जांभळीला दोन रुंद गुलाबी.

देवनागरी आकड्याबद्दल मी तुमच्याच बाजूची, पण एकदा विचार करा. तुमच्यात सगळे मराठी वाचणारे आहेत का? आमच्याकडे मुलं मोठी होऊन टेबलावर आली. इथे शिकलेल्यांना देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. आमच्या मुलीने शंभराची चिप नऊशेची समजून पैज लावली होती.

इस्पिकराणी

तुमचं पटलं. दोघं तमिळ आहेत आमच्यात, आणि पुढच्या वर्षी मुलगा खेळायला बसणार. मग असं करते: मध्ये मोठा इंग्रजी आकडा, त्याच्यावर खूण, आणि बाहेरच्या पट्टीवर देवनागरीत आकडा अक्षरांत: पंचवीस, शंभर, पाचशे, हजार, पाच हजार. ज्याला वाचता येतं तो वाचेल. दोन्ही बाजू सारख्याच ठेवते. वेलबुट्टी काढून टाकली, जरा जड गेलं.

कागदाची परीक्षा काल केली. पलीकडच्या टोकाला बसल्यावर परशू आणि तलवार एकसारखे दिसले! तलवारीऐवजी कल्कीचा घोडा घेतला, काही गंजिफात त्याची खूण घोडाच असते. नमुने मागवलेत.

इस्पिकराणी (अडीच महिन्यांनी)

मंडळी, चिप्स आल्या, आणि गेल्या शनिवारी पहिला डाव झाला. ५४० चिप्स, सव्वापाच किलोच्या वरची खोकी दारातून मीच उचलून आणली. नमुना मागवला ते फार बरं झालं. पहिल्या नमुन्यात जांभळा खरंच मळला होता, दोन छटा उजळ करून घेतला. कडेचे पट्टे इतके उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं. "तुझ्याकडे किती आहेत?" हा प्रश्न रात्रभर कोणी विचारलाच नाही, बघूनच कळत होतं. नवीन चिप्स थोड्या निसटतात, वीसपेक्षा उंच ढीग केला की कोसळतो. ही एक तक्रार.

सगळ्यांना सर्वात जास्त आवडली ती माशाची, म्हणजे २५ ची. आणि टेबलावरून सर्वात आधी उठते तीच! ती उचलायची वेळ आली तेव्हा कोणी द्यायलाच तयार नव्हतं. शेवटी मी प्रत्येकाला आठवण म्हणून एक-एक घरी नेऊ दिली. सकाळी रॅक भरताना लक्षात आलं: १४० पैकी १२४ उरल्या, आणि सोळा जणांना १२८ लागतात. वीस पुन्हा मागवल्या तर हिरवा जुळेल का?

छपाईवाला

नेमका जुळेल अशी खात्री कोणी देऊ नये, प्रत्येक खेपेचा रंग थोडा हलतो. मागवल्यातच तर जुन्या-नव्या मिसळून टाका, वेगळ्या ओळीत ठेवल्या की फरक डोळ्यात भरतो.

जुना डाव

मागवूच नका. एका खेळाडूला २५ च्या आठऐवजी चार द्या आणि १०० च्या आठऐवजी नऊ. रक्कम तीच, आणि १२४ मध्ये सोळाही जण बसतात. १०० च्या तुमच्याकडे १४० आहेत, लागतील १२९. तो ढीग यजमानाने स्वतःकडे घ्यावा.