सगळं खापर एकट्या दुसऱ्या बाजीरावाच्या डोक्यावर का?

ओंकारेश्वरघाट

मराठी राज्य का बुडालं, या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: दुसरा बाजीराव. पळपुटा, ऐषारामी, सोवळ्याओवळ्यात आणि नाटकशाळांत रमलेला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत तह केला आणि राज्य इंग्रजांच्या पदरात टाकलं. विषय संपला.

मला हे पटत नाही. माणूस भित्रा होता, संशयी होता, दिलेला शब्द फिरवण्यात पटाईत होता, सगळं कबूल. पण असा एक जण पुण्याच्या गादीवर बसला म्हणून ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, बडोदा अशा सगळ्या दौलती एकामागून एक आडव्या झाल्या?

जरा तारखा बघा. वसईच्या तहाआधी, त्याच १८०२ सालात, बडोद्याच्या गायकवाडांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून तिची फौज घरात घेतली होती. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले असईला आणि अडगावला लढत होते, तेव्हा होळकर लांबून बघत होते. पुढच्या वर्षी होळकर लढायला उठले, तर शिंदे बसून राहिले. हरल्यावर तहही वेगवेगळे. भोसल्यांचा देवगावला १७ डिसेंबरला, शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावला ३० डिसेंबरला. पंधरा दिवसांच्या आत दोघांनी आपापलं उरकून घेतलं.

आणि सगळ्यात बोलकी तारीख म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७. त्या दिवशी पेशव्यांची फौज खडकीला इंग्रजांवर चालून गेली. त्याच दिवशी दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला कंपनीशी तह केला. इकडे जरीपटका पुढे निघाला आणि तिकडे शाई वाळत होती. तरी शिव्या खायला एकटा बाजीराव.

मेणवलीकर

तारखा छान मांडल्यात, पण सोयीच्या तेवढ्याच. एक तारीख गाळलीत ती मी देतो: एप्रिल १८०१. विठोजी होळकर पकडून पुण्यात आणला गेला. बंडखोर होता, पेशव्यांच्या मुलखात लुटालूट केली होती, हे खरं. पण तो तुकोजी होळकरांचा मुलगा होता. त्याला कैदेत ठेवून त्याच्या भावाशी, यशवंतरावाशी सौदा करता आला असता. बाजीरावाने काय केलं? हत्तीच्या पायाला बांधून मारला आणि स्वतः बघत बसला. का, तर होळकरांनी पूर्वी नाना फडणविसांची बाजू घेतली होती त्याचा राग.

त्या एका कृत्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. यशवंतराव दक्षिणेत उतरला तेव्हाही त्याच्या मागण्या अगदीच न ऐकण्यासारख्या नव्हत्या. शिंद्यांनी असीरगडावर अडकवलेला पुतण्या खंडेराव सोडवा, होळकरांची दौलत मोकळी करा, हे त्यात मुख्य होतं. धन्याने मध्यस्थी करायची ती वेळ होती. बाजीराव शिंद्यांच्या पदराआड लपला. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, हडपसरला शिंद्यांची आणि पेशव्यांची फौज मोडली आणि श्रीमंत सिंहगडाकडे निघाले. तिथून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग आणि मग इंग्रजांच्या मदतीने समुद्रमार्गे वसई. यशवंतराव परत या म्हणून निरोप धाडत होता. हे आले ते थेट १३ मे १८०३ ला, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या सावलीत.

गायकवाडांनी तह केला म्हणता. गायकवाड सरदार होते हो, पेशवा मुख्य होता. घरातल्या धाकट्याने कर्ज काढणं वेगळं आणि कर्त्याने घर गहाण टाकणं वेगळं. वसईच्या तहात सहा हजार पायदळ कायमचं, त्याच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख आणि कुणाशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. उरलं काय?

इंदूरवाला

मेणवलीकरांशी सहमत. फक्त आमच्या यशवंतरावांना अगदी धुतल्या तांदळासारखं करू नका. हडपसरनंतर पुण्यातल्या सावकारांकडून जी वसुली झाली तिच्या आठवणी काही गोड नाहीत.

तोफखाना

दोन्ही बाजू माणसांच्या स्वभावात अडकल्या आहेत. बाजीराव चांगला असता, यशवंतराव आणि दौलतराव गळ्यात गळे घालून राहिले असते, तरी काय झालं असतं?

असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३. शिंद्यांच्या तोफा उत्तम होत्या, गोलंदाज जागेवर मरेपर्यंत हटले नाहीत. वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले आणि मैदानावर त्याची फौज होती जेमतेम साडेचार-पाच हजार. म्हणजे साधारण तिघांत एक. पुढे वॉटर्लू जिंकलेला माणूस असईचं नाव आदराने घ्यायचा ते उगाच नाही. म्हणजे लढायला आपण कमी नव्हतो.

कमी होतो ते दोन ठिकाणी. एक, त्या कवायती पलटणींवरचे अधिकारी फ्रेंच, इंग्रज, मिश्र वंशाचे. युद्ध जाहीर झाल्यावर कंपनीने त्यांना बोलावणं धाडलं आणि बरेच जण निघून गेले. खुद्द पेराँ, शिंद्यांचा हिंदुस्थानातला मुख्य सेनापती, सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून पलटणी उभ्या करून घेतल्या, पण त्या चालवणारे आपले अधिकारी तयार करायचे राहून गेले. दोन, पैसा. कंपनीला बंगालचा महसूल होता आणि वर हिंदुस्थानातलेच सावकार तिला कर्ज द्यायला तयार होते, कारण व्याज वेळेवर मिळायचं. आपल्याकडे पलटणींचे पगार महिनोन्महिने तुंबलेले. फौज पगारासाठी धरणं धरून बसते आणि सरदार ती लुटीवर पोसतो, तिथे पेशवा कोण आहे याने फार फरक पडत नाही.

जुनावाडा

@तोफखाना, पैशाच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. पण तो पैसा कसा आटला तेही सांगा की, आणि तिथे बाजीराव सुटत नाही.

गादी मिळवताना दौलतरावाला मोठ्या रकमेचं आश्वासन दिलं. तिजोरीत खडखडाट. मग १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याला पुण्यावर मोकळं सोडलं. हा दौलतरावाचा सासरा, बायजाबाईंचा बाप. प्रतिष्ठित लोकांना, सावकारांना तापलेल्या तोफेला बांधून पैसे काढले. आपल्याच राजधानीत, आपल्याच संमतीने! पुण्याच्या पेठांनी होळकरांच्या आधी हे बघितलं होतं.

आणि वसईनंतर बाह्य शत्रूची काळजी कंपनीवर टाकल्यावर काय केलं? मामलती, म्हणजे तालुक्यांची वसुली आणि कारभार, मक्त्याने द्यायला लागला. नानांच्या वेळी कमाविसदाराला (सरकारी वसुली अधिकाऱ्याला) अंदाजपत्रक नेमून द्यायचे, हिशेब तपासायचे. आता जो जास्त बोली लावेल त्याचा तालुका. तो मक्तेदार पुढे पोटमक्ते देणार, ते गावच्या पाटलाच्या गळ्यात पडणार. वर्ष संपायच्या आत कुणी चार पैसे जास्त बोलला की मामलत त्याच्याकडे. मग पहिला शेतकऱ्याला जगवेल कशाला? हाताशी आहे तोवर पिळून घेणार. फिर्याद कुठे न्यायची, तर त्याच मामलेदाराकडे, कारण न्यायनिवाडाही त्याच्याच हातात. १८०३-०४ च्या भीषण दुष्काळातून देश नुकताच उठत होता, त्यात हे. आणि वसूल झालेला पैसा फौजेवर गेला म्हणावं तर तसंही नाही, श्रीमंतांच्या खासगी खजिन्यात साठत गेला. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट राहिलेल्या एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात हा सगळा कारभार सविस्तर लिहिलाय.

बाजीराव गेला तेव्हा खेड्यापाड्यांतून कुणी उठाव केला नाही, त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं.

ओंकारेश्वरघाट

@जुनावाडा, एल्फिन्स्टन ज्याचं राज्य बुडवून आला त्याच्या कारभाराला बरं म्हणणार होता का? मक्तेपद्धत वाईटच, वाद नाही. पण कंपनीने आल्यावर काय दिवे लावले? प्रिंगलसाहेबाने पुणे जिल्ह्यात जमिनी मोजून असा सारा बसवला की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. सगळी मोजणी शेवटी नव्याने करावी लागली. त्याला कुणी राज्यबुडवा म्हणत नाही.

@मेणवलीकर, विठोजीचा मुद्दा जड आहे. ती क्रूरता होती आणि मूर्खपणाही होता. पण मला सांगा, डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला तेव्हा एकविशीतला पोरगा. बाप राघोबादादा, तोही हरलेला. बालपण आनंदवल्लीला आणि पुढे जुन्नरला नजरकैदेत. दौलतराव त्याच्याहून लहान. महादजी १७९४ ला गेले, अहिल्याबाई १७९५ ला, तुकोजी १७९७ ला, नाना १३ मार्च १८०० ला. सहा वर्षांत सगळी जाणती माणसं संपली. ज्यांनी ही पिढी घडवायची, त्यांनी तिला कोंडून ठेवलं किंवा आपापसांत झुंजवलं. त्यात नानाही आले. मेणवली नानांची, तेव्हा मेणवलीकरांना राग येईल, पण येऊ दे.

मेणवलीकर

राग कसला. नानांनी बाजीरावाला कोंडलं कारण त्यांना माणूस ओळखता येत होता. पुढच्या बावीस वर्षांनी नानांचा अंदाज खरा ठरवला.

सांगलीची हळद

दक्षिणेकडच्या सरदारांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे पटवर्धनांची घराणी: सांगली, मिरज, जमखंडी, तासगाव. टिपूशी लढताना, खर्ड्याला, सगळीकडे हीच माणसं पुढे. त्यांच्याशी बाजीरावाचं वैर राघोबादादाच्या काळापासूनचं, आणि गादीवर आल्यावर त्याने ते मनापासून जोपासलं. यांच्या जहागिरी गिळायच्या, एवढं एकच ध्येय असल्यासारखा मागे लागला होता. शेवटी १८१२ मध्ये पंढरपूरला समझोता झाला. आणि तो घडवून आणला कुणी? एल्फिन्स्टनने. पेशव्यांची चाकरी करा, कंपनी तुमच्या जहागिरी राखेल. म्हणजे स्वतःच्या सरदारांना धन्यापासून वाचवायला परका रेसिडेंट मध्ये पडला.

मग १८१८ मध्ये हे सरदार कुणाकडे बघणार? माझ्या माहेरी या विषयावर आजही दोन तट आहेत. एक म्हणतो पटवर्धनांनी वेळेला पाठ फिरवली, दुसरा म्हणतो पाठ फिरवायला आधी पाठीवर हात असावा लागतो. मी दुसऱ्या तटात.

ओंकारेश्वरघाट

ताई, हे नवीन आणि महत्त्वाचं. तरी माझा प्रश्न उरतोच. १८१५ मध्ये गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पंढरपुरात मारला गेला. त्या खुनाच्या आरोपावरून बाजीरावाच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्याला कंपनीच्या हवाली करावं लागलं, ठाण्याच्या तुरुंगातून तो पुढच्या वर्षी पळाला. (घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराने गाण्यातून बेत कळवला अशी कथा आहे. खरी असो नसो, झकास आहे.) मग जून १८१७ चा पुण्याचा तह: मराठमंडळाचं प्रमुखपद सोडा, चौतीस लाखांचा मुलूख द्या. इतकं झाल्यावर पळपुटा माणूस काय करेल? सही करून पेन्शन मागेल. याने पाच महिन्यांत फौज जमवली, नागपूर-ग्वाल्हेर-इंदूरला सूत लावलं आणि तोंड वर काढलं. मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे रेसिडेंटचं ठाणं, जाळली, एल्फिन्स्टनची पुस्तकं-कागद त्यात खाक झाले.

मेणवलीकर

फौज सेनापती बापू गोखल्यांनी जमवली. खडकीला बापू मैदानात, सरदार मोर दीक्षित तिथेच पडले, आणि श्रीमंत कुठे होते? पर्वतीवर. देवळाशेजारून लढाई बघत होते. इंग्रजांचे मेले-जखमी मिळून शंभरही नाहीत. मग १७ नोव्हेंबरला पुणं पडलं, इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूने शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. पुढे तीन महिने नुसती पळापळ. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला बापू मागे फिरून उभे राहिले आणि तलवार हातात असताना मेले. श्रीमंत तेवढ्यात पुढे निघून गेले. छत्रपती प्रतापसिंह महाराज मागे राहिले ते इंग्रजांच्या हाती लागले.

३ जूनला असीरगडाजवळ इंग्रज सेनानी माल्कमसमोर शरण. वर्षाला आठ लाख पेन्शन आणि बिठूर. तिथे १८५१ पर्यंत, तेहेतीस वर्षं, स्नानसंध्या आणि दानधर्म. सही करून पेन्शन मागेल म्हणालात ना? मागितलीच की.

तोफखाना

ते आठ लाख जास्त झाले म्हणून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज माल्कमवर नाराज होता. तह करायला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने बाजीरावाने सौदा वाईट केला नाही! पण खडकीबद्दल @मेणवलीकर यांना विचारतो: पेशवा मैदानात असता तर निकाल बदलला असता? गोखल्यांचं घोडदळ दलदलीत रुतलं, समोर शिस्तीतल्या बंदुका. तिथे श्रीमंत घोड्यावर असते तर एक घोडा जास्त रुतला असता, इतकंच.

इंदूरवाला

आणि २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या तोफा चालल्याच, समोरचं नुकसानही मोठं केलं. आदल्या रात्री होळकरांचा कारभार बघणाऱ्या, यशवंतरावांच्या मागे राहिलेल्या तुळसाबाईला आपल्याच लोकांनी मारून टाकलं होतं. तिथे बाजीराव नव्हता, तरी घरातलं भांडण होतंच. म्हणून ओंकारेश्वरघाट यांचा मूळ मुद्दा मला अर्धा पटतो.

जुनावाडा

अर्धा पटतो म्हणजे नेमका कुठला? लढाईतला असेल तर मलाही पटतो, तोफखान्यांनी तो नीट मांडलाय. माझा आक्षेप १८०३ ते १८१७ या चौदा वर्षांवर आहे. या काळात पेशव्यांवर बाहेरून कुणी चालून आलं नाही, खजिना भरत होता, वसुली जोरात होती. एक तरी नवी पलटण आपल्या अधिकाऱ्यांसह वेळेवर उभी केली का? पटवर्धनांशी, होळकरांशी जुने हिशेब मिटवले का? विश्रामबागवाडा मात्र बांधला. ओंकारेश्वरघाट, याचं उत्तर द्या आणि मग बिचाऱ्याचं बालपण सांगा.

ओंकारेश्वरघाट

देतो. वसईच्या तहानंतर दुसऱ्या दौलतींशी बोलायला कंपनीची परवानगी लागत होती आणि १८११ पासून संगमावर एल्फिन्स्टन बसला होता. वाड्यातली खलबतं त्याच्यापर्यंत पोचायची, हेर पेरलेले होते. होळकरांशी उघड समेट केला असता तर १८१७ चा तह आधीच लादला गेला असता. पलटणीचं म्हणाल तर शेवटी शेवटी त्याने कॅप्टन फोर्डच्या हाताखाली उभी केलीही, पण फोर्ड एल्फिन्स्टनचा माणूस. खडकीला ती पलटण आपल्या समोरच्या बाजूला उभी होती. मक्त्याला आणि पटवर्धनांना माझ्याकडे उत्तर नाही, ते त्याच्या खात्यावर लिहा. बाकीचं शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांच्यात वाटून घ्या.

सांगलीची हळद

वाटणी करताना पटवर्धनांचा हिस्साही काढा. माहेरचा पहिला तट हे वाचतोय.