मदत हवी आहे: शून्य व्होल्टला एक्स-रे सिग्नलच नाही

मंडळी, वडोदऱ्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी शिसेविरहित पेरोव्हस्काइटचा (ठराविक स्फटिकरचनेच्या पदार्थाचा), बाहेरचा व्होल्टेज न लागणारा एक्स-रे डिटेक्टर करतोय. सीझियम-सिल्व्हर-बिस्मथ ब्रोमाइडचे स्फटिक हायड्रोब्रोमिक आम्लात सावकाश थंड करून वाढवले. गडद लाल, 2 मिमी जाड. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड म्हणून सोनं चढवलंय. 10 व्होल्टला सिग्नल येतो (डार्क करंट, म्हणजे एक्स-रे नसतानाही वाहणारा प्रवाह, मात्र सरकत राहतो), शून्याला सपाट रेघ. दोन्हीकडे एकच धातू, मग आतलं विद्युतक्षेत्र येणार कुठून, हे उशिराच सुचलं! घासून पातळ करायला गेलो तर कडा उडाल्या. चांदी नको, ब्रोमाइड तिला खातं. थर्मल इव्हॅपोरेटर (निर्वातात धातू तापवून वाफेने थर चढवणारं यंत्र) आहे, स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने थर चढवणं) नाही. एका बाजूचं सोनं काढून तिथे अ‍ॅल्युमिनियम चालेल, की मध्ये सी-60चा (60 कार्बन अणूंच्या रेणूचा) थर हवाच? आणि न फोडता स्फटिक पातळ कसा करता?